शो नसतो त्या दिवशी

माणूस नुसता बसून राहिला तरी त्याच्या अंगातून साधारण १०० वॉट उष्णता बाहेर पडत असते. जुन्या पिवळ्या बल्बएवढी. नाटकाला हजार माणसं आली, की हजार बल्ब पेटलेत असं धरायचं. एवढी उष्णता बाहेर काढायला २८ टनांचा एसी लागतो, म्हणजे घरातले दीड टनाचे १९ एसी एकदम. यात स्टेजवरचे लाइट नाहीत आणि बाहेरून आत येणारी एप्रिलची हवाही नाही. तिसरी घंटा होते तेव्हा तुम्ही मोबाइल सायलेंटवर टाकत असता, मी तळघरात हे आकडे बघत असते.

पुण्यातल्या एका मोठ्या सभागृहाची देखभाल हे माझं काम. एसी, वीज, पाणी, सांडपाणी. ओळख करून देताना मी ‘फॅसिलिटी’ म्हणते, कारण देखभाल म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांसमोर झाडू येतो. झाडूही आमच्याकडेच असतो, ते सोडा.

आमच्या इमारतीला ‘ग्रीन’ असल्याचं मानांकन आहे. प्रवेशद्वाराशी पितळी पाटी आहे, लोक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. छतावर सोलर पॅनेल, खाली पावसाच्या पाण्याची टाकी, तळघरात सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, म्हणजे एसटीपी. सगळं खरं आहे, चालतंही. पण सोलर पॅनेल पुण्याच्या धुळीत काही आठवडे न धुता ठेवलं, की त्याची वीज कमी व्हायला लागते, आणि ही गोष्ट पाटीवर लिहिलेली नसते.

सभागृह, स्टेडियम, प्रदर्शनाचा हॉल, या जागांचं दुखणं ऑफिसपेक्षा वेगळं असतं. ऑफिसात रोज तीच माणसं त्याच वेळी येतात. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी हाउसफुल्ल आणि सोमवारी दुपारी बारा जणांची तालीम. यंत्रं हाउसफुल्लच्या हिशेबाने घेतलेली असतात. सोमवारी तीच यंत्रं हजार रिकाम्या खुर्च्या थंड करत बसतात.

याला उपाय आहे. हॉलमध्ये कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर लावतात. माणसं वाढली की आकडा वाढतो, पंखे जास्त हवा ओढतात, माणसं गेली की मंदावतात. महाग नाही, अवघडही नाही. फक्त सेन्सर काही वर्षांनी चुकीचं मोजायला लागतो आणि त्याला अधूनमधून तपासावं लागतं. मी आधी जिथे होते (नाव नको) तिथे रंगाऱ्याने भिंतीबरोबर सेन्सरलाही ऑफव्हाइट रंग दिला होता. पडद्यावर तीन महिने एकच आकडा येत होता. हॉल भरलेला असो की रिकामा, आकडा तोच. कुणालाच काही वाटलं नाही, कारण गारवा येत होता.

खरी गंमत मात्र एसटीपीत आहे. वास सहन करायची तयारी असेल तर.

एसटीपी म्हणजे शेवटी घाण खाणारे जिवाणू. ब्लोअर टाकीत हवा सोडतो, जिवाणू त्या हवेवर जगतात आणि सांडपाण्यातली घाण खातात. सोसायटीत त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ जेवण मिळतं. आमच्याकडे मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत सगळी माणसं एकदम बाथरूमकडे पळतात आणि मग चार-पाच दिवस काहीच नाही. आधी अजीर्ण, मग उपास. उपासात जिवाणू मरतात, आणि पुढच्या हाउसफुल्लला टाकीत पडलेलं पाणी पडलं तसंच पुढे जातं. म्हणून आधी मोठी साठवण टाकी बांधायची आणि तिच्यातून थोडं थोडं सोडत राहायचं. ही टाकी नकाशात सगळ्यात आधी कापली जाते, कारण तेवढ्यात दोन गाड्यांचं पार्किंग बसतं.

हे सगळं शोभेचं नाही. आयपीएल आठवा. एप्रिल २०१६, महाराष्ट्रात दुष्काळ, आणि मैदानांवर पाणी मारायचं होतं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. पिण्याचं पाणी वापरणार नाही, प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू, असं क्रिकेट मंडळाने सांगून पाहिलं, तरी ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्या असा आदेश झाला. मुंबईत ठरलेली फायनल बेंगळुरूला झाली. आठ वर्षांनी, २०२४ मध्ये, पाण्याविना हाल झाले ते बेंगळुरूचे. तेव्हा तिथल्या चिन्नास्वामी स्टेडियमला शेजारच्या कब्बन पार्कच्या केंद्रातून शुद्ध केलेलं सांडपाणी द्यायचं ठरलं, रोज ७५ हजार लिटर. सामने तिथेच झाले. फरक एवढाच, की केंद्र आधीपासून चालू होतं. दुष्काळ पडल्यावर एसटीपी सुरू करता येत नाही. जिवाणू वाढायला आठवडे लागतात, सामन्याची तारीख त्यांच्यासाठी थांबत नाही.

शो नसलेल्या दिवसांत आम्ही जिवाणूंना गूळ घालतो. खरंच. बादलीत पाण्यात विरघळवून टाकीत ओततो. मी कोल्हापूरची, त्यामुळे हे काम आपोआप माझ्याकडे आलं. आमचे वायरमन मामा दर वेळी विचारतात, “मॅडम, कोल्हापुरीच घातला ना? नाहीतर रुसतील.”

गूळ ओतताना मला हमखास खासबाग आठवते.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: खासबाग म्हणजे कोल्हापूरचं कुस्तीचं मैदान. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते, रोममधलं कलोसियम त्यांनी पाहिलं आणि परत आल्यावर हे मैदान बांधवलं. १९१२ मध्ये ते सुरू झालं. मधे तांबड्या मातीचा हौदा, भोवती गोलाकार चढत गेलेली बैठक, वर आकाश. हजारो माणसं बसतात आणि मागच्यालाही पट दिसतो. दिवसाच्या कुस्त्यांना विजेचं बिल जवळपास नाही. पावसाळ्यात उपयोगही नाही, हेही खरं. कोल्हापूरचा पाऊस ज्याला माहीत आहे तो उघड्या मैदानाचं फार कौतुक करणार नाही.

माझा जीव अडकतो तो मातीत. कुस्तीची माती विकत आणून टाकली आणि झालं, असं नसतं. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात. ती मऊ राहावी लागते आणि पडून घट्ट झाली तर पैलवानाची हाडं मोडतात. म्हणून तालमीत पोरं रोज आधी आखाडा खणतात, मग लढतात. खणणं हाच व्यायामाचा पहिला भाग. आबा सांगायचे, माती न खणता लांग चढवून उभ्या राहिलेल्या पोराला वस्ताद नुसतं बघायचे, बोलायचे नाहीत, तेवढं पुरायचं. वापरणारा आणि निगा राखणारा एकच माणूस, अशी व्यवस्था मी त्यानंतर कुठल्याही मोठ्या इमारतीत पाहिलेली नाही.

खासबागेला लागूनच महाराजांनी नाट्यगृह बांधलं. १९१५ मध्ये ते पॅलेस थिएटर म्हणून उघडलं. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. बाबा तिथे राज्य नाट्य स्पर्धेत तीन वर्षं उभे राहिले. दोनदा पोलिस, एकदा प्रेत. प्रेताचं काम सगळ्यात चांगलं झालं, असं आई म्हणते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर आणि रंगमंच गेला, दगडी भिंती राहिल्या. बाबांनी मला फोन केला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मागून लोकांचा आवाज येत होता. मग म्हणाले, “विंगा बी गेल्या गं.”

जसं होतं तसंच पुन्हा उभं करायचं, असं ठरलं आणि माझं-बाबांचं भांडण सुरू झालं. गेल्या गणपतीत ते दोन दिवस चाललं. बाबांना ‘तसंच’ म्हणजे अगदी तसंच हवं. त्यांच्या मते एसीने आवाज बसतो आणि प्रेक्षक झोपतो. १९१५ ला लोक घामाघूम होऊन नाटक बघायचेच की. मी म्हटलं, बाबा, १९१५ चा एप्रिल आता कोल्हापुरातही राहिलेला नाही. शेजारी मोठी गच्ची, रस्ता, गाड्या, सगळं तापून रात्री उशिरापर्यंत गरम. एसीशिवाय हॉल भरणार नाही, आणि हॉल भरला नाही तर तो टिकणार नाही.

पण जुन्या नाट्यगृहाचं उंच छप्पर मला बाबांइतकंच हवंय. गरम हवा आपोआप वर जाते. अख्खी पोकळी थंड करण्यापेक्षा खुर्च्यांखालून, हळू, बेताची थंड हवा सोडायची. ती माणसांच्या पायांशी पसरते, अंगाच्या उष्णतेने तापून वर चढते आणि छपराजवळून बाहेर काढायची. गारवा हवाय तो पहिल्या सहा फुटांत. बाकी उंची गरम राहिली तर राहू दे, तिथे कुणी बसत नाही. हवा हळू असल्यामुळे पंख्यांची घरघरही कमी. हे ऐकल्यावर बाबा जरा नरमले.

मग त्यांनी नेमकं विचारलं, “खुर्चीखालच्या जाळ्यांत शेंगांची टरफलं जाणार. ती कोण काढणार?”

नकाशा बघणाऱ्या कुठल्याही माणसाने मला आजवर हा प्रश्न विचारलेला नाही. मी वही घेतली. जाळ्या दर महिन्याला, एसीच्या जाळीदार गाळण्या दर पंधरवड्याला. वीज पॅनेलची जोडणी थर्मल कॅमेऱ्याने दर तिमाहीला, कारण सैल झालेला स्क्रू आधी वीज खातो आणि मग तापतो. छपरावरच्या पन्हाळी मे महिन्यात. दोन कायमची माणसं, पगारी. बाबा म्हणाले, आम्ही नाटकवाले मिळून करू की, पैलवान माती खणतात तसं. मी म्हटलं, पहिलं वर्षभर कराल. दुसऱ्या वर्षी तुमच्यातले निम्मे अमेरिकेला मुलांकडे असतील.

पगारावर ते राजी झाले. त्या माणसाला मेंटेनन्स मॅनेजर म्हणायचं नाही एवढाच त्यांचा हट्ट आहे. तिसरी घंटा द्यायच्या आधी ज्याची परवानगी घ्यावी लागते त्याला वस्तादच म्हणायचं, असं ते म्हणतात. त्यावर आमचं अजून ठरलेलं नाही.