छपरावरचा वेल

कर्जतजवळच्या कोंडाणे गांवाहून राजमाचीच्या पायथ्याकडे चढत गेलें म्हणजे इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेलीं बौद्ध लेणीं लागतात. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर लांकडी इमारतींचे सज्जे, जाळ्या व कमानी दगडांत हुबेहूब उतरविल्या आहेत. रसिक तेथें शिल्प पाहतात. आम्हांस भर चैत्रांत प्रथम जाणवला तो गारवा. डोक्यावर डोंगराएवढें छप्पर, आणि त्या छपरावर रान! घरावर हिरवळ ही कल्पना नवी म्हणून मिरविणाऱ्यांनीं हें एकदां पाहावें.

आमच्या आळींत सध्यां जुन्या घरांचा जीर्णोद्धार चालला आहे. मंगळुरी कौलें उतरतात, स्लॅब चढतो. आणि कौलांबरोबर दुधी, घोसाळीं व पडवळ यांचे वेलही उतरतात. पुढें उन्हाळ्यांत घर भट्टीसारखें तापलें कीं गच्चीवर माती पसरून बाग करण्याचा बेत निघतो. बेत रम्य खरा, पण हिशेब कठोर आहे. वीतभर ओल्या मातीचें वजन दर चौरस मीटरला 300 किलोंहून अधिक भरतें. साध्या घराची गच्ची माणसांच्या वावरासाठीं सामान्यतः 150 किलोंचा भार धरून बांधतात. त्यांत येथील पाऊस वर्षास 3,000 मिलिमीटरांहून अधिक! लेण्यावरील डोंगराला त्याचें कांहीं वाटत नाहीं. आमचा स्लॅब डोंगर नव्हे.

इटलींतील मिलान शहरांत 2014 सालीं पुऱ्या झालेल्या दोन उत्तुंग इमारतींच्या सज्जांत सुमारें 800 झाडें आहेत, व तीं छाटण्यासाठीं माळी दोरावरून लोंबकळत उतरतात. त्यांना तें लखलाभ होवो! आमच्या मतें वेलाचें मूळ जमिनींतच असावें आणि भार मांडवानें उचलावा. पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर दूर बांबूचा मांडव घातला, तर ऊन भिंतीला लागण्यापूर्वींच पानांवर अडतें, मधून वारा खेळतो आणि भिंत ओल धरीत नाहीं. घोसाळें पावसाळ्याचें सोबती. उन्हाळ्यासाठीं मधुमालती लावावी व तिला न्हाणीचें पाणी द्यावें. मात्र भेगेंत आपोआप रुजलेल्या पिंपळाला कोणीं हिरवळ समजूं नये. तो तोडणें वडीलमंडळींच्या जिवावर येतें. तेव्हां चार पानांचा असतांनाच मुळासकट काढून उल्हास नदीच्या कांठीं लावावा.

शेजारच्या काकूंनीं परवां नव्या घराचा नकाशा पाहून मिस्त्र्याला एवढेंच विचारलें, "दुध्याचा वेल कोठें चढवायचा?" मिस्त्री कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं नकाशांत पश्चिमेच्या अंगाला चार खांबांच्या खुणा वाढल्या होत्या.