मी पोहत असे

पेणच्या कॉलेजात वीस वर्षे मराठी शिकवतो आहे. परंतु रीतिभूतकाळात माझी खरी परीक्षा घेतली ती माझ्या पुतणीने, आणि तीही उट्रेख्तहून फोनवर. ती तेथे डच शिकते. घरातील वडीलधारी माणसे लहानपणी फावल्या वेळात काय करीत, यावर तिला निबंध लिहायचा होता.

"लिहून घे," मी ऐटीत म्हणालो. "सुट्टीत पेणला मामांकडे आलो, की गणपतीच्या कारखान्यात बसून डोळ्यांची आखणी पाहत असे. आणि रोह्यास तुझे बाबा व मी रोज कुंडलिकेत पोहत असू. पोहत पलीकडे जात असू."

"थांबा काका," ती म्हणाली. "तुमच्या त्या 'असे', 'असू'ला डचमध्ये वेगळे रूप नाही. साधा भूतकाळ घ्यायचा आणि 'फ्रूखर', म्हणजे 'पूर्वी', हा शब्द जोडायचा. पण एकदा घडून गेलेले सांगायचे, तर बोलताना बहुधा सहायक क्रियापद लागते. नुसतेच पोहलात, तर 'हेब्बन'; पोहत कोठे पोहोचलात, तर 'झैन'. तुम्ही दोघे किती वेळा पलीकडे गेलात?"

मी गप्प झालो. पलीकडे जात असे तो दादा. मी घाटावर त्याचे कपडे सांभाळत असे; फार तर कमरेइतक्या पाण्यात डुंबत असे. माझ्या नावावर 'झैन' एकच, आठवीच्या सुट्टीतले. मध्यावर माझे हातपाय गळाले. दादाने दंड धरून मला पैलतीरी नेले आणि बजावले, "घरी बोलू नकोस." त्या एका दिवसाला 'असू' लावून मी तो साऱ्या बालपणावर पसरून टाकला होता. रीतिभूतकाळाला कोणी तारीख विचारीत नाही, ही त्याची मोठी सोय!

ती पाच वर्षांची असताना दादा गेला. तेव्हापासून आम्ही सारे तिला सांगत आलो, ते "बाबा असे करत असत, तसे म्हणत असत" एवढेच. त्यात बाबांचा एकही पुरा दिवस तिच्या हाती लागला नव्हता.

मग मी तिला तो दिवस सांगितला, दादाच्या ताकिदीसकट. बराच वेळ पलीकडून शब्द आला नाही.

"बाबांचा सदरा कोणत्या रंगाचा होता?" तिने हळूच विचारले.

"निळा." एवढे मला पक्के ठाऊक होते. तो नेहमी माझ्याच मांडीवर असे.