तबकडीतील आवाज

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भाताची कापणी उरकली की रात्री पाड्यापाड्यांतून तारप्याचे सूर उठू लागतात. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा एवढ्या साहित्यातून हे वाद्य तयार होते. वादक श्वास तुटू न देता ते फुंकीत राहतो आणि त्याच्याभोवती वारली स्त्रीपुरुष हातात हात गुंफून फेर धरतात. वादकाने सूर पालटला की पावलेही पालटतात. रात्र सरते, नाच थांबतो आणि सूर हवेत विरून जातो.

डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी हा फेर आपल्या चित्रांत उतरविला. २०११ साली त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला. त्यांच्या चित्रात नाचणाऱ्यांची वळणे घेत जाणारी रांग दिसते, मध्यभागी वादक दिसतो. परंतु तारपा मात्र ऐकू येत नाही. चित्र रूप राखते, सूर राखीत नाही. सूर राखण्यासाठी निराळे साधन हवे. ते साधन म्हणजे ध्वनिमुद्रण. त्याने काय राखले आणि काय राखता आले नाही, हे पाहावयाचे असेल तर बालगंधर्वांच्या तबकड्यांकडे वळावे.

बालगंधर्वांचे मूळ नाव नारायण श्रीपाद राजहंस. त्यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत. ‘मानापमाना’तील भामिनी, ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’मधील सिंधू या त्यांच्या भूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावले. गाणे संपले की प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’चा गजर उठे. तेच पद ते पुन्हा गात. पण प्रत्येक वेळी त्यात नवी जागा, नवे वळण असे. तारप्याच्या नाचाप्रमाणे त्या नाटकांनाही घड्याळाचे बंधन नसे.

तबकडीला मात्र हे औदार्य परवडणारे नव्हते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीनसाडेतीन मिनिटांचे गाणे मावे. रंगभूमीवर घटकाभर फुलणारे पद गायकाला तेवढ्यात आटोपावे लागे. प्रारंभी तर ध्वनिग्राहकही नव्हता. गायक मोठ्या कर्ण्यासमोर उभा राहून गाई आणि त्याच्या आवाजाच्या जोरानेच मेणावर रेघ कोरली जाई. १९२५ नंतर विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले, तेव्हा हळुवार स्वरही तबकडीवर उतरू लागले.

पुढे दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकड्या आल्या, त्यानंतर फिती आल्या. निरनिराळ्या वर्षी मुद्रित झालेली गाणी एकत्र गुंफून त्यांची संकलने निघू लागली. अशा संकलनाचे मोल केवळ सोयीत नाही. ज्याच्या आयुष्याला अनेक दशके लागली, त्या गायकाचा आवाज एका बैठकीत ऐकावयास मिळतो. आधी तारुण्यातील चपळ, तेजस्वी स्वर येतो. मग अनुभवाने भारलेला, संथ होत गेलेला स्वर. बालगंधर्वांचे पाय उतारवयात अधू झाले. तरीही त्यांनी भजने गाणे सोडले नाही. छायाचित्रांच्या संग्रहात माणसाचे वय दिसते; गाण्यांच्या संकलनात ते ऐकू येते.

तरीही तबकडीत सर्व काही येत नाही. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी निवर्तली. प्रयोग रद्द केला असता तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु काळजावर दगड ठेवून ते उभे राहिले आणि हसरी, मानी भामिनी त्यांनी रंगविली. भामिनीची पदे आज तबकडीवरून ऐकता येतात. त्या रात्रीचे त्यांचे दुःख आणि त्या दुःखावर त्यांनी मिळविलेला जय मात्र कोणत्याही रेघेत कोरला गेलेला नाही. तो आठवणीने आणि कथनानेच पुढे आला आहे.

१५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्वांचे निधन झाले. तरीही त्यांचे गाणे मावळले नाही, याचे श्रेय एकट्या तबकडीला देता येणार नाही. गायकांच्या पुढच्या पिढ्यांनी ती ऐकली, तिच्यातील जागा आपल्या गळ्यावर चढविल्या आणि ते गाणे पुन्हा श्रोत्यांपुढे मांडले. शिकणारे उरले नसते, तर तबकडी हे केवळ जतन करण्याचे कपाट ठरले असते.

तारप्याचेही तसेच आहे. आज त्याचे सूर मुद्रित करणे सोपे झाले आहे आणि ते करावयासच हवे. परंतु श्वास तुटू न देता फुंकायचे कसे, हे यंत्र शिकवू शकत नाही. त्यासाठी जाणत्या वादकाशेजारी बसावे लागते, त्याच्या गालांची आणि बोटांची हालचाल न्याहाळावी लागते, आणि सूर फाटला तरी लाजून चालत नाही. यंत्राने सूर राखावा. तो जिवंत मात्र माणसानेच ठेवावा.