शेजारच्याशी नाही, घड्याळाशी!

तिकिटं दोन महिने आधीच काढून ठेवली होती. एक माझं, एक रूममेटचं. आम्ही दोघं एकाच बॅचचे, एकाच प्रोजेक्टवर, पुण्याहून ॲम्स्टरडॅमला एकाच फ्लाइटने आलेले. ५ मार्च २०२३, रविवार. स्पीड स्केटिंगच्या वर्ल्ड सिंगल डिस्टन्सेस चॅम्पियनशिपचा शेवटचा दिवस. आणि नेमका शुक्रवारी अप्रेझलचा मेल आला. तो लीड झाला. मी आहे तिथेच!

खरं सांगू? जायची अजिबात इच्छा नव्हती. पण तिकिटाचे युरो गुणिले नव्वद केले आणि गपचूप निघालो.

हीरनफेनपर्यंत ट्रेनने साधारण दोन तास. बाहेर सपाट हिरवी कुरणं, मधूनमधून कालवे. हा फ्रीसलंड प्रांत. आपल्याकडे दूधवाले ज्या 'एचएफ' गाईचं नाव घेतात ना, त्यातला 'एफ' म्हणजे इथलाच फ्रीजियन! स्टेशनवर डचसोबत इथली स्वतःची फ्रीजियन भाषाही दिसते. एरवी या सगळ्यावर आम्ही तासभर बडबडलो असतो. त्या दिवशी दोघंही आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून.

नारंगी जत्रा

आपल्याकडे स्केटिंग म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुडघे फोडून घेणं. इथे तो जवळपास धर्म आहे. कालवे गोठले की फ्रीसलंडची अकरा शहरं जोडणारी सुमारे २०० किलोमीटरची शर्यत होते, एल्फस्टेडेनटोख्त. शेवटची झाली १९९७ मध्ये. तेव्हापासून हिवाळे उबदार होत चाललेत आणि लोक अजून वाट बघतायत.

कालवे गोठोत न गोठोत, थिआल्फ आहेच. १९६७ मध्ये सुरू झालेला हा रिंक १९८६ पर्यंत उघडा होता, मग त्यावर छप्पर आलं. आत शिरलो आणि थक्क! नारंगी टोप्या, नारंगी शर्ट, गालावर झेंडे, ब्रास बँड. बर्फ गुळगुळीत करणारं मशीन फिरायला लागलं की बँड सुरू आणि अख्खं स्टेडियम डोलायला लागतं. आपल्या ढोल-ताशाची आठवण आलीच.

शेजारी एक डच आजोबा बसले होते. आमचे कोरे चेहरे बघून त्यांनी इंग्लिशमध्ये क्लासच घेतला. ट्रॅक ४०० मीटरचा. एका वेळी दोघंच धावतात, एक आतल्या लेनमध्ये, एक बाहेरच्या. आतली लेन छोटी पडते म्हणून प्रत्येक लॅपला लेन बदलायची. समोरासमोर आलेच, तर बाहेरून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, कारण तो लांबचं अंतर कापून आलेला असतो. स्केटचं पातं टाचेपाशी सुटं असतं, पाय उचलला की 'टक्' आवाज येतो. हे क्लॅप स्केट, नव्वदच्या दशकात डच लोकांनीच गाजवलेलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. शेजारच्याला हरवून काही होत नाही. मेडल सगळ्यांच्या वेळेवरून ठरतं. शर्यत घड्याळाशी.

मी चोरून रूममेटकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता.

तळ्यावरचा पोरगा

पुरुषांची १५०० मीटर. डच लोक याला राजाची शर्यत मानतात. स्प्रिंटरचा वेग हवा आणि शेवटच्या लॅपला पेटलेल्या मांड्या सहन करायची ताकदही. स्टेडियमचा लाडका क्येल्ड नाउस, २०१८ आणि २०२२ चा याच अंतरातला ऑलिम्पिक चॅम्पियन. त्याच्यासमोर अमेरिकेचा जॉर्डन स्टोल्झ, वय १८! विस्कॉन्सिनमध्ये घरामागच्या तळ्यावर स्केटिंग शिकलेला. शुक्रवारी ५०० आणि शनिवारी १००० चं गोल्ड त्याने आधीच खिशात घातलं होतं.

पावणेदोन मिनिटांच्या आत खेळ खल्लास. स्टोल्झ पहिला, नाउस दुसरा. एकाच चॅम्पियनशिपमध्ये तीन वैयक्तिक गोल्ड, असं याआधी कुठल्याच पुरुषाने केलं नव्हतं.

मला वाटलं, आता सन्नाटा. पण आजोबा उठले आणि जोरात टाळ्या वाजवायला लागले. आपला माणूस हरला म्हणून हळहळले जरूर, पण टाळ्या थांबल्या नाहीत.

तसा यजमानांचा गल्ला रिकामा नव्हता. इथून जवळच्याच गावची फेम्के कोक ५०० ची विजेती, युट्टा लेरडाम १००० ची, अँटोइनेट राइप्मा-डे योंग १५०० ची. पुरुषांत ५००० मीटर पॅट्रिक रूस्टने जिंकली. १०००० मात्र इटलीच्या दाविदे ग्योत्तोने, तर महिलांची ३००० नॉर्वेच्या राग्ने विक्लुंडने नेली.

बाहेर कडाक्याची थंडी. वाटाण्याचं दाट सूप घेतलं, एका वाडग्यात दोन चमचे. तीन दिवस घशात अडकलेलं वाक्य तेव्हा कुठे बाहेर आलं.

"काँग्रॅट्स रे. मनापासून."

"मला वाटलं तू बोलणारच नाहीस," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा कापरा होता. थंडीमुळे असेल.

"पार्टी कधी?"

"आता हे सूप माझ्याकडून."

"चालणार नाही, बॉस!"

परतीच्या ट्रेनमध्ये दोन तास नुसती बडबड. अप्रेझल अजून दुखत होतं, खोटं कशाला बोलू? पण पुढच्या लॅपला लेन बदलते, हे आता पाठ झालं होतं.

जायचंय? सीझन साधारण ऑक्टोबर ते मार्च. हॉलमध्येसुद्धा जॅकेट लागतं. नारंगी काहीतरी घालाच. आणि सोबत अशा मित्राला न्या, ज्याच्याशी सध्या बोलणं बंद आहे.