कात्रजच्या घाटात ‘ढक-ढक’

लोक बोनसचं काय करतात? बँकॉक, नवा फोन, फार तर एसआयपी. मी तो घातला 1089 सीसीच्या एका म्हाताऱ्या इंजिनात. हसा! ऑफिसात सगळे हसलेच.

गाडी बाबांची. 1989ची प्रीमियर पद्मिनी, गिअर स्टिअरिंगला. हे मॉडेल बनायचं थांबलं त्याला दोन दशकं उलटून गेली आणि 2023च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनीही गेली. आमची मात्र पार्किंगमध्ये कव्हर पांघरून बसलेली. काचबिंदूमुळे बाबांचं ड्रायव्हिंग सुटलं. “भंगारवाल्याला फोन लाव,” ते म्हणाले, पण नंबर काही दिला नाही. मी काय ते समजलो.

मग नाना पेठ. पुण्यात राहून तुम्ही इथं आला नसाल तर एकदा याच. क्वार्टर गेटकडून आत शिरलं की दुकानाला दुकान लागून. बेअरिंग, क्लच प्लेट, गॅस्केट दोरीला टांगलेली आणि हवेत ग्रीसचा वास. इथंच आमच्या उस्तादांनी इंजिन उतरवलं. बोअर, नवे पिस्टन-रिंग, बेअरिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, सगळं झालं. गाडी देताना म्हणाले, “साहेब, पाचशे किलोमीटरला परत आणा. हेड टाइट करू, टॅपेट बघू. विसरू नका.”

मी विसरलो. डेडलाइन होती, बॉस!

आठशे किलोमीटर झाले तेव्हा एका रविवारी बाबांना घेऊन जुन्या कात्रज घाटात निघालो. तिसऱ्या वळणावर गाडी मिसिंग मारायला लागली. आणि खालून आवाज, ढक-ढक-ढक. माझ्या पोटात गोळा. बिगएंड बेअरिंग गेलं असेल तर इंजिन पुन्हा खाली, बोनस पाण्यात. बाबा काही बोलले नाहीत, फक्त डॅशबोर्डवर हात ठेवून बसले. बोगदा गाठायच्या आधीच गाडी वळवली.

उस्ताद मला रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं मीटरकडे बघितलं, जे जास्त लागलं. मग इंजिन आयडलवर ठेवून, हाताला जाड कापड गुंडाळून, प्लगच्या वायरी एकेक करून काढायला लागले. एक, तीन, चार... प्रत्येक वेळी इंजिन आणखी लंगडलं. दोन नंबरची काढली, तर ढिम्म फरक नाही. म्हणजे तो आधीच झोपलेला. पण खरी गंमत पुढे होती. बेअरिंगचा ठोका असता तर त्या सिलिंडरची वायर काढल्यावर तो दबला असता. इथं इंजिन जितकं हलेल तितका ठोका वाढत होता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ माझ्या कानाला लावून म्हणाले, “ऐका, आत सगळं शांत आहे.”

खाली वाकून बघितलं. सायलेन्सरच्या पाइपवर घासून चकाकी आली होती. माउंटिंगचा बोल्ट ढिला झालेला. चढावर इंजिन कलून पाइप बॉडीवर आपटत होता.

आणि दोन नंबर? वरचं कव्हर काढलं, तर तिथल्या एक्झॉस्ट टॅपेटमध्ये फिलर गेजची पट्टी शिरेनाच. नवं काम बसतं तसा हा गॅप कमी होतो. मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि जास्त दिवस तसंच चालवलं तर व्हॉल्व्ह जळतो. मी मात्र ‘टॅपेट किती सायलेंट आहेत’ म्हणून मित्रांत मिरवत होतो! थोडं वाजणारं टॅपेट परवडलं.

हेड टाइट, टॅपेट सेट, बोल्ट कसला. वेळ लागला एक सकाळ. व्हॉल्व्ह वाचला होता.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पुन्हा घाट. बोगद्याशी गाडी कडेला घेतली. खाली पुण्याचे दिवे लागत होते. बाबांना ते धड दिसत नाहीत, म्हणून मीच कात्रजचं तळं कुठे, हायवे कुठे ते सांगायला लागलो आणि सवयीनं हात चावीकडे गेला.

“बंद करू नकोस रे,” बाबा म्हणाले. “चालू दे जरा वेळ.”