चिमूटभर पिठाचा हिशेब

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. ‘विकर’ हा शब्द शाळेच्या मराठी पुस्तकात भेटला, तो परीक्षेपुरताच. पुढे जमाखर्चाशी गाठ पडली. पण विकरांचाही एक जमाखर्च असतो, हे गेल्या उन्हाळ्यात समजले.

आमचे गाव आदिलाबाद जिल्ह्यात. घरात मराठी, बाजारात तेलुगू. ताई आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरी आली होती. बाळाचे वजन भरत नव्हते. घट्ट पेज त्याला गिळवत नसे. पाणी घालून पातळ केली की पोट लगेच भरे, अंगी मात्र काही लागत नसे. पेज म्हणा, की आपल्या कानडी विभागातील मित्रांप्रमाणे गंजी म्हणा, अडचण घरोघरी हीच!

अंगणवाडीच्या बाईंनी तोड सांगितली. गव्हाला मोड आणावेत, वाळवून दळावेत. शिजलेली घट्ट पेज जराशी निवली की ते पीठ चिमूटभर मिसळावे आणि मग पुन्हा एक उकळी द्यावी. आम्ही तसे केले. चमच्याला चिकटणारी पेज काही मिनिटांत धारेने पडू लागली, पाण्याचा एक थेंबही न घालता!

मोड येताना गव्हात अमायलेज नावाचे विकर तयार होते. ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८०च्या दशकात तारा गोपालदास यांनी बालकांच्या आहारासाठी याच गुणाचा अभ्यास केला.

मी दोन वाट्यांत सारखी पेज घेतली. एकीत अर्धा चमचा पीठ, दुसरीत एक. दुसरी सुमारे निम्म्या वेळात पातळ झाली. कापसाच्या हंगामात मार्केट यार्डात गाड्यांची रांग लागते, तसेच हे. एका काट्याऐवजी दोन काटे लावले तर तासाला दुप्पट गाड्या मोजल्या जातात, आणि मोजून काटा झिजत नाही. मात्र रांगच संपली तर तिसरा काटा रिकामा राहतो. पिष्ट मुबलक आहे तोवरच विकर वाढवून वेग वाढतो. उकळत्या पेजेत पीठ टाकले तर काटाच मोडतो. उष्णतेने विकर निकामी होते.

बाळ आता वाटी संपवते. नुसत्या पेजेने वजन वाढते असे नव्हे. डाळ, तेल, दूधही हवेच. पण जे आहे ते त्याच्या पोटात जाऊ लागले, हे काय थोडे झाले? भांडवल न वाढवता नफा वाढल्याचे उदाहरण मला तरी वर्गात अजून मिळालेले नाही.