'आपण' जिंकलो, 'आम्ही' नाही

"काल रात्री आपण जिंकलो!" असं मी ऑफिसात सहज बोलून जाते आणि समोरचा विचारतो, "आपण म्हणजे कोण? भारत?" मग सांगावं लागतं, नाही हो, लिव्हरपूल. त्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे भाव येतात, ते दूरदेशीच्या टीमवर जीव लावून बसलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचे असतील. आईने तर एकदा सरळच विचारलं, "अगं, ते ओळखतात तरी का तुला?"

नाही ओळखत. तरीही मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमधली घड्याळं तासभर पुढे-मागे होतात, हे मला घरच्यांच्या वाढदिवसांसारखं पाठ आहे. शनिवारची तिकडची दुपारी तीनची मॅच इथे साडेसातला लागणार की साडेआठला, आणि चॅम्पियन्स लीगसाठी साडेबारापर्यंत जागायचं की दीडपर्यंत, हे त्यावरच तर ठरतं. २००५ ची इस्तंबूलची फायनल आपल्याकडे मध्यरात्री सव्वाबाराला सुरू झाली. मध्यंतराला मिलान ३-० ने पुढे. शहाणी माणसं दिवा मालवून झोपली. मग जेरार्ड, श्मित्सर आणि अलोन्सो यांनी सहा मिनिटांत तीन गोल फेडले आणि पेनल्टीवर डुडेकने शेवचेन्कोला अडवलं. झोपलेले अजून हळहळतात!

पण मला बोलायचंय ते त्या 'आपण'बद्दल. इंग्रजीत एकच 'वुई'. मराठीत मात्र दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तोही आत येतो. मी नेहमी 'आपण' म्हणते, 'आम्ही' कधीच म्हणत नाही. का बरं?

याचं उत्तर मला हिल्सबरोबद्दल वाचताना सापडलं. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या त्या मैदानावर एफए कपची सेमीफायनल बघायला गेलेले लिव्हरपूलचे ९७ प्रेक्षक चेंगराचेंगरीमुळे गेले. पोलिसांनी दोष प्रेक्षकांवरच ढकलला, एका खपाच्या वर्तमानपत्राने तेच छापलं. ही माणसं बेकायदा कृत्याने मारली गेली आणि प्रेक्षकांचा त्यात दोष नव्हता, हा निकाल मिळायला २०१६ साल उजाडलं. सत्तावीस वर्षं! इतकी वर्षं त्या घरांनी जे सोसलं, त्याच्यापुढे 'आम्ही' म्हणायचा अधिकार त्यांचाच. तिथे मी फक्त ऐकायचं.

मग माझ्या 'आपण'ला तरी काय अर्थ उरतो? जिंकलं की हक्क सांगायचा, एवढाच?

२०१६ च्या फेब्रुवारीत एक मॅच पाहिली होती. सर्वात महाग तिकीट ७७ पौंडांवर न्यायचा मालकांचा बेत होता. सुंदरलँडविरुद्ध टीम २-० ने पुढे असताना ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. मॅच २-२ अशी सुटली, पण चारच दिवसांत मालकांनी बेत मागे घेतला. मी इथे टीव्ही बंद केला असता तर कुणाला कळलं असतं? गंमत बघा, शनिवारी दुपारी तीनची मॅच इंग्लंडमध्ये टीव्हीवर लाइव्ह दाखवतच नाहीत, लोकांनी मैदानावर जावं म्हणून. म्हणजे ॲनफिल्डच्या शेजारच्या गल्लीतल्या बिनतिकिटाच्या माणसाला जी मॅच बघता येत नाही, ती मी वरणभात खात बघते.

आणि मग २०२१ च्या एप्रिलमध्ये ती सुपर लीग आली. लिव्हरपूलसकट युरोपातले बारा बडे क्लब आपसातच खेळणार, बहुतेकांची जागा कायमची पक्की. तिथल्या लोकांनी ॲनफिल्डच्या कुंपणावर काळे फलक लावले. खरं तर फायदा माझ्यासारख्यांचाच होता. दर आठवड्याला बार्सिलोना नाहीतर रेआल माद्रिद, तेही घरबसल्या. त्या स्पर्धेचा सगळा हिशोब आमच्यासारख्यांच्या टीव्हीवरच तर मांडलेला. तरीही ती स्पर्धा बुडावी असं मला मनापासून वाटत होतं. दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले, तेव्हा मला एखादी मॅच जिंकल्यासारखा आनंद झाला.

मला वाटतं, 'आपण'चा अर्थ तिथे लागतो. रात्री जागणं, जर्सी घेणं हे हौसेचं झालं. पण माझी सोय आणि त्यांचं हित समोरासमोर आलं, तर मी कुणाच्या बाजूला उभी राहते? त्यांच्या बाजूला उभी राहिले, तर 'आपण' म्हणायला थोडीफार जागा आहे. नाहीतर मी नुसतं गिऱ्हाईक.

असो. आईच्या प्रश्नाचं उत्तर अजूनही 'नाही' असंच आहे. पण मी त्यांना बऱ्यापैकी ओळखते, आणि माझं तेवढ्यावर भागतं.